कॅबिनेटमधले दिवे डोळ्यांवर येतात? मंद करताना या चुका टाळा

हल्ली पीसी असेंबल करून घेतला की दिवे वेगळे मागावे लागत नाहीत, ते आलेलेच असतात. समोर तीन फॅन, मागे एक, प्रोसेसरच्या कूलरवर एक कडं, रॅमवर उजळ पट्ट्या, ग्राफिक्स कार्डावर कंपनीचं नाव, आणि या सगळ्यावर पारदर्शक काच. दुकानात भर दिवसा ते देखणं दिसतं. पण नाशिकच्या कॉलेज रोड-गंगापूर रोडच्या एखाद्या खोलीत तिघे राहत असतील, कॅबिनेट टेबलावर मॉनिटरला खेटून असेल आणि रात्री ट्यूबलाइट बंद असेल, तर तेच दिवे मॉनिटरवर चमकतात, भिंतीवर रंग फिरवतात आणि शेजारी झोपलेल्याची झोप उडवतात.

हे दिवे मंद करणं अवघड नाही. बहुतेक वेळा एक रुपयाही खर्च होत नाही. तरीही घाईघाईत केलेल्या उपायांमुळे एलईडी जळतात, फॅन थांबतात, काच फुटते. या चुकांच्या मुळाशी बहुधा एकच गोष्ट असते: कोणता दिवा कोणाच्या ताब्यात आहे हे न पाहताच हात घातलेला असतो.

दिवा कोणाच्या ताब्यात आहे ते न पाहता सॉफ्टवेअर टाकत सुटणं

एकाच कॅबिनेटमध्ये दिव्यांचे तीन-चार वेगवेगळे नियंत्रक असू शकतात. मदरबोर्ड त्याला थेट जोडलेल्या पट्ट्या आणि बरेचदा रॅम सांभाळतो. ग्राफिक्स कार्डाचा नियंत्रक कार्डावरच असतो. लिक्विड कूलर मदरबोर्डवरच्या यूएसबीच्या ९ पिनांच्या हेडरमधून (वायर बसवायच्या पिनांच्या जागेतून) स्वतःच्या ॲपशी बोलतो. आणि कॅबिनेटसोबत आलेले फॅन मागच्या बाजूला चिकटवलेल्या एका छोट्या हबला जोडलेले असतात. तो हब कोणत्याही सॉफ्टवेअरला दिसत नाही, तो फक्त कॅबिनेटवरचं बटण किंवा रिमोट ओळखतो.

म्हणून आधी ओळखपरेड करा. कॅबिनेटवरचं एलईडीचं बटण दाबा आणि कोणते दिवे बदलतात ते पाहा. ते हबचे. मग मदरबोर्डच्या कंपनीचं सॉफ्टवेअर उघडा (असुसचं आर्मरी क्रेट, एमएसआयचं एमएसआय सेंटर, गिगाबाइटचं कंट्रोल सेंटर, एएसरॉकचं पॉलीक्रोम) आणि सगळ्याला एकच स्थिर लाल रंग द्या. जे लाल झाले ते मदरबोर्डचे. उरलेल्यांपैकी ग्राफिक्स कार्ड आणि कूलर त्यांच्या त्यांच्या ॲपमधून तपासा. कोणता दिवा कुठून हलतो हे कागदावर लिहून ठेवा. दहा मिनिटांचं काम आहे, पण ते झाल्याशिवाय पुढचं काहीच करू नये असं आमचं स्पष्ट मत आहे.

‘सॉफ्टवेअरमध्ये ब्राइटनेस शून्य केला तरी फॅन तसेच पेटतात’ ही तक्रार सगळ्यात जास्त ऐकू येते, आणि त्यात बहुधा काहीही बिघडलेलं नसतं. हब स्वतःच्या तंत्राने चालत असतो, एवढंच. बऱ्याच हबना मदरबोर्डकडून सिग्नल घेण्याची सोय असते. त्यासाठी दोन गोष्टी लागतात. हबमधून निघालेली ३ पिनांची वायर मदरबोर्डच्या ५ व्होल्टच्या हेडरमध्ये बसलेली हवी, आणि हब ‘मदरबोर्ड सिंक’वर गेलेला हवा. बरेच हब एलईडीचं बटण साधारण तीन सेकंद दाबून धरलं की सिंकवर जातात. काही कॅबिनेटमध्ये मात्र तेवढ्याच दाबाने दिवे पूर्ण बंद होतात. दोन्ही चालेल, पण मॅन्युअलमध्ये पाहून घ्या. कॅबिनेटला एलईडीचं वेगळं बटणच नसेल, तर रिसेटचं बटण हबला जोडलेलं असण्याची शक्यता दाट असते. दुकानदार अनेकदा तसं करून देतात आणि सांगायचं राहून जातं.

दोन-तीन लायटिंग सॉफ्टवेअर एकदम चालू ठेवणं

रॅमवरचे दिवे मदरबोर्डच्या एसएमबस नावाच्या एका मंद गतीच्या वाटेने नियंत्रित होतात. त्या वाटेवर एका वेळी एकाच प्रोग्रॅमने बोलायला हवं. आर्मरी क्रेट, कोर्सेअरचं आयक्यू आणि शिवाय ओपनआरजीबी अशी तिन्ही मागे चालू असतील, तर तिन्ही त्याच पट्टीला वेगवेगळे हुकूम देतात. मग एक पट्टी मंद, दुसरी भडक, मधेच लुकलुक, कधी कधी दिवे एका रंगावर गोठतात. यातून ‘रॅम खराब झाली’ असा निष्कर्ष काढून लोक रॅम बदलायला निघतात.

एकच सॉफ्टवेअर ठेवा. बाकीची नुसती बंद करून भागत नाही, कारण त्यांच्या सर्व्हिस विंडोजबरोबर पुन्हा सुरू होतात. ती अनइन्स्टॉल करून पीसी रिस्टार्ट करा. आर्मरी क्रेट साध्या पद्धतीने पूर्ण निघत नाही. असुसच्या साइटवर त्यासाठी वेगळं अनइन्स्टॉल टूल आहे, तेच वापरा.

विंडोज ११ मध्ये २०२३ पासून डायनॅमिक लायटिंगची सोय आली आहे. सेटिंग्ज, मग पर्सनलायझेशन, मग डायनॅमिक लायटिंग. तिथे ब्राइटनेसची एकच पट्टी सगळ्या जुळणाऱ्या उपकरणांना लागू होते. तुमचा कीबोर्ड, माऊस किंवा मदरबोर्ड तिथे दिसत असेल तर याहून सुटसुटीत काही नाही. पण मग कंपनीच्या ॲपमधून त्याच उपकरणाला हात लावू नका. आणि ॲपच वापरायचं असेल तर डायनॅमिक लायटिंगचं बटण आधी बंद करा. दोन्ही चालू राहिले की रंग दर थोड्या वेळाने मूळपदावर येतो.

इंटेलच्या अलीकडच्या काही बोर्डांवर रॅमचे दिवे एकाच सॉफ्टवेअरलाही दाद देत नाहीत. अशा वेळी बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) ‘एसपीडी राइट डिसेबल’ हा पर्याय पाहा. तो ‘ट्रू’ असेल तर रॅमच्या नियंत्रकापर्यंत हुकूम पोहोचत नाहीत. ‘फॉल्स’ करून रंग आणि ब्राइटनेस ठरवा, रॅममध्ये सेव्ह होत असेल तर करा, आणि नंतर तो पर्याय पुन्हा ‘ट्रू’ करून टाका. ते कुलूप रॅमच्या चिपमधली माहिती चुकून पुसली जाऊ नये म्हणूनच असतं.

५० टक्के केलं म्हणजे उजेड निम्मा झाला असं समजणं

डोळ्याला उजेड सरळ हिशेबात दिसत नाही. एलईडीला निम्मी ताकद दिली तरी तो डोळ्याला जवळपास पाऊणपट दिसतो. त्यामुळे लोक ब्राइटनेसची पट्टी १०० वरून ५० वर आणतात, फरक जाणवत नाही म्हणून ‘सेटिंग लागूच होत नाही’ असं ठरवतात आणि टेपकडे वळतात. दिसायला निम्मा उजेड हवा असेल तर साधारण २० टक्क्यांवर या. अंधाऱ्या खोलीसाठी ५ ते १० टक्के पुरतात. पट्टी ठरवताना खोलीचा दिवा बंद करा, पाचेक मिनिटं डोळ्यांना सवय होऊ द्या आणि मगच शेवटचा आकडा पक्का करा. दुपारी उजेडात ठरवलेले ३० टक्के रात्री हमखास जास्त वाटतात.

सॉफ्टवेअरमध्ये ब्राइटनेसची पट्टीच नसेल तर? रंगाचे तीन आकडे कमी करा. पण तिन्ही एकाच पटीत. नारिंगी रंगासाठी २५५, १२०, ० असे आकडे असतील तर चतुर्थांश करून ६४, ३०, ० लिहा. फक्त पहिला आकडा उतरवला तर उजेड कमी होण्याऐवजी रंगच बदलतो. आणि बंद करायचं बटण सापडत नसेल तर ०, ०, ० म्हणजे काळा रंग द्या, एलईडी विझतात.

रंगाची निवडही महत्त्वाची. पांढरा रंग म्हणजे लाल, हिरवी आणि निळी अशा तिन्ही बत्त्या एकदम. उजेड सर्वांत जास्त, विजेचा भारही सर्वांत जास्त. हिरव्याला आपला डोळा सर्वांत संवेदनशील असतो, म्हणून त्याच आकड्यावर हिरवा इतरांपेक्षा प्रखर वाटतो. निळा अंधारात टोचतो. रात्री बसायचं असेल तर लाल किंवा नारिंगी घ्या, डोळ्यांना फार सुसह्य. इफेक्टमध्ये ‘स्टॅटिक’ निवडा. नजरेच्या कडेला हलणारी, लुकलुकणारी गोष्ट आपलं लक्ष लगेच खेचून घेते, त्यामुळे १० टक्क्यांवर फिरणारं इंद्रधनुष्यसुद्धा ३० टक्क्यांवरच्या स्थिर रंगापेक्षा जास्त त्रास देतं. स्टॅटिकचा आणखी एक फायदा: तो बरेचदा उपकरणातच साठवता येतो, मग सॉफ्टवेअर मागे चालू ठेवायची गरज उरत नाही.

फार खाली, म्हणजे ५ टक्क्यांच्याही आत गेलात तर पांढरा रंग गुलाबीसर किंवा हिरवट दिसू शकतो. तिन्ही बत्त्या इतक्या खालच्या पातळीवर अगदी सारख्या पेटत नाहीत. तो बिघाड नाही. तसंच, मंद केल्यावर फोनच्या कॅमेऱ्यात पट्टे दिसतात, कारण एलईडी मंद होतो तो वेगाने उघडझाप करून. डोळ्याला त्रास होत नसेल तर त्याकडे लक्ष देऊ नका.

१२ व्होल्ट आणि ५ व्होल्टची गल्लत

ही चूक सगळ्यात महाग पडते. ‘हबवरून वायर काढून मदरबोर्डला लावली की सॉफ्टवेअरमधून मंद करता येईल’ हा विचार बरोबर आहे, पण मदरबोर्डवर दोन प्रकारचे हेडर असतात. एक ४ पिनांचा, १२ व्होल्टचा, साध्या आरजीबीसाठी, म्हणजे लाल-हिरव्या-निळ्या बत्त्यांसाठी. यावर अख्खी पट्टी एकाच रंगाची असते. दुसरा ५ व्होल्टचा, एआरजीबीसाठी. याला चार जागा असतात पण पिना तीनच. दोन पिना सलग, मग एक रिकामी जागा, मग शेवटची पिन. या प्रकारात प्रत्येक एलईडीला स्वतःची चिप असते आणि प्रत्येकाचा रंग वेगळा ठेवता येतो.

५ व्होल्टची पट्टी १२ व्होल्टच्या हेडरवर गेली की त्या चिपा जळतात. क्षणात. वास येईपर्यंत वेळ मिळत नाही, आणि ही चूक वॉरंटीत धरली जात नाही. नीट कनेक्टर असेल तर बंद केलेलं तिसरं भोक चुकीच्या जागी बसू देत नाही. पण स्वस्तातल्या फॅनना सुट्या भोकांचा कनेक्टर येतो, तो कुठेही आणि उलटाही बसतो. म्हणून बोर्डावर छापलेलं नाव वाचा. एमएसआयवर जेआरजीबी म्हणजे १२ व्होल्ट, जेरेनबो म्हणजे ५ व्होल्ट. असुसवर ‘ॲड’ने सुरू होणारं नाव ५ व्होल्टचं. गिगाबाइटवर डी-एलईडी ५ व्होल्टचं, पण त्यांच्या काही जुन्या बोर्डांवर त्याच हेडरशेजारी ५ आणि १२ व्होल्ट निवडायचा जंपर (पिनांवर बसणारी छोटी टोपी) असतो, तो आधी पाहा. कनेक्टरवरचा छोटा बाण किंवा त्रिकोण व्होल्टच्या पिनेकडे यायला हवा. फोनचा टॉर्च लावा, फोटो काढून मोठा करा, मॅन्युअलमधल्या चित्राशी ताडून पाहा. हे सगळं पीसी बंद असताना.

हेडरची मर्यादाही लक्षात घ्या. बहुतेक बोर्डांवर ती ३ अँपिअर असते, म्हणजे ५ व्होल्टवर १५ वॅट. एक एआरजीबी एलईडी पूर्ण पांढऱ्यावर सुमारे ६० मिलिअँपिअरपर्यंत ओढू शकतो, म्हणजे कागदावर पन्नासच एलईडींत ती मर्यादा गाठली जाते. फॅनच्या सहा वायरी स्प्लिटरने एकाच हेडरवर लटकवल्या की शेवटच्या फॅनपर्यंत व्होल्टेज पुरत नाही. निळ्या बत्तीला सर्वांत जास्त व्होल्टेज लागतं, ती आधी मावळते, आणि पांढरा रंग टोकाला पिवळा-तांबूस होतो. असं दिसलं की भार दुसऱ्या हेडरवर वाटून टाका, किंवा एसएमपीएसमधून (पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्यातून) साटा नावाच्या वायरने वीज घेणारा हब वापरा. ब्राइटनेस उतरवला तरी हा त्रास कमी होतो.

मंद करण्यासाठी वायरच्या मध्ये डिमर किंवा रेझिस्टर टाकण्याचा सल्लाही फिरत असतो. १२ व्होल्टच्या साध्या पट्टीसाठी त्या पट्टीकरता बनवलेला डिमर चालतो. ५ व्होल्टच्या एआरजीबीला तो कधीही लावू नका. त्या चिपांना सलग ५ व्होल्ट हवे असतात. पुरवठा तुटक किंवा कमी झाला की चिप सिग्नल चुकीचा वाचते आणि पट्टी वेड्यासारखे रंग दाखवू लागते.

दिवा बंद करायला गेलो आणि फॅन थांबला

ज्यांना दिवे नकोतच, त्यांच्यासाठी वायर काढून ठेवणं हा उत्तम उपाय आहे. फक्त कोणती वायर ते कळायला हवं. चांगल्या फॅनला दोन वेगळ्या वायरी असतात: एक पंखा फिरवायची, ३ किंवा ४ भोकांची, एका बाजूला दोन उभ्या कडा असलेली, दुसरी एलईडीची, चपटी. एलईडीची काढली तरी पंखा फिरत राहतो. फॅन एकमेकांना साखळीने जोडलेले असतील तर पहिल्याची वायर काढली की पुढचे सगळे विझतात, हेही सोयीचंच.

स्वस्त कॅबिनेटच्या फॅनला मात्र एकच ६ पिनांचा कनेक्टर असतो. पंखा आणि दिवा दोन्ही त्यातच. तो काढला की दिवा विझतो, आणि हवाही बंद होते. हबची साटा वायर काढली तर सगळेच फॅन एकदम थांबतात. एप्रिल-मेमध्ये नाशिकचा पारा चाळिशीला टेकतो, खोलीत कूलर नसतो, आणि अशा वेळी कॅबिनेटमधली हवा थांबली की ग्राफिक्स कार्ड तापून गेम अडखळायला लागतो. लिक्विड कूलरची साटा वायर तर चुकूनही काढू नका. अनेक मॉडेलमध्ये पंप त्याच विजेवर चालतो. पंप थांबला की प्रोसेसर मिनिटभरात ९५-१०० अंशांवर जाऊन स्वतःचा वेग पाडतो.

काही जण दिवे मंद व्हावेत म्हणून फॅनचाच वेग कमी करतात. वायर एकच असलेल्या जुन्या पद्धतीच्या एलईडी फॅनला डीसी मोडमध्ये व्होल्टेज उतरवलं तर दिवा खरोखर मंद होतो, पण त्याची किंमत हवा कमी होऊन मोजावी लागते. पीडब्ल्यूएम मोडमध्ये, म्हणजे वेगाचा हुकूम वेगळ्या सिग्नलने जातो तिथे, तर १२ व्होल्ट कायमच मिळत असतात, म्हणून वेग घटतो आणि उजेड तसाच राहतो.

काच काढताना, टेप लावताना

पीसी शटडाउन करा, एसएमपीएसचं मागचं बटण बंद करा, प्लग काढा आणि मग पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा. साठलेली वीज निघून जाते, शेवटचे एलईडीही विझतात. दुकानदाराने बाजूच्या पॅनेलवर सीलचं स्टिकर लावलं असेल तर ते फाडण्याआधी त्याला फोन करून विचारा. असेंबलीची वॉरंटी काही जण त्या स्टिकरवर धरतात.

टफन्ड काच मधोमध मजबूत असते, पण तिची कड नाजूक असते. कड टाइल्सच्या फरशीला टेकली की अख्ख्या काचेचे बारीक तुकडे होतात. कॅबिनेट आडवं करा, काच वरच्या बाजूला येऊ द्या, स्क्रू काढताना एक हात काचेवर ठेवा, आणि काढलेली काच गादीवर किंवा घडी केलेल्या गोधडीवर आडवी ठेवा. भिंतीला टेकवून उभी ठेवू नका. आत हात घालण्याआधी कॅबिनेटच्या रंग नसलेल्या धातूच्या भागाला स्पर्श करा. डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा एक आकड्यावर येतो, नाशिकची हवाही कोरडी पडते, आणि लोकरीच्या स्वेटरमधून बसणारा स्थिर विजेचा झटका आपल्याला चिमटा वाटला तरी चिपेला भारी पडू शकतो. स्वेटर काढूनच काम करा.

काळी इन्सुलेशन टेप लोक थेट एलईडीवर चिकटवतात. उन्हाळ्यात तिचा डिंक पाघळतो, कडा सुटतात आणि टेप फॅनच्या पात्यात जाते. मदरबोर्डच्या हीटसिंकवर तर टेप नकोच. तिथे गरम हवा निघायची जागा असते. नेलपॉलिश किंवा मार्करने एलईडी काळा करणं त्याहून वाईट, कारण ते परत निघत नाही आणि काढायला वापरलेलं रिमूव्हर प्लास्टिक खातं. मदरबोर्डच्या कोपऱ्यात सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट अशी चार बारीक बत्त्यांची रांग असते. ती झाकू नका. उद्या पीसी सुरू झाला नाही तर अडचण कुठे आहे हे तीच सांगते.

झाकायचंच असेल तर काचेला झाका. खिडक्यांना फिल्म लावून देणाऱ्याकडे काच घेऊन जा. फिल्मवरचा आकडा किती टक्के उजेड पलीकडे जातो ते सांगतो: ३५ ची फिल्म बऱ्यापैकी आतलं दिसू देते, २० ची चांगलीच गडद, ५ ची जवळजवळ काळी. आमच्या मते ब्राइटनेस १५-२० टक्के आणि २० ची फिल्म ही जोडी खोलीत झोपणाऱ्यांसाठी सर्वांत बरी. आतले दिवे दिसतात, पण भिंतीवर पसरत नाहीत. फिल्म साबणाच्या पाण्यावर लावतात, म्हणून काच कॅबिनेटवर असताना ते काम करू देऊ नका. लावल्यावर दोन दिवस सुकू द्या आणि मग बसवा. कॅबिनेटच्या हवेच्या जाळीवर मात्र फिल्म, कागद, कापड काहीही नको.

जागा बदलूनही बराच फरक पडतो. काच भिंतीकडे केली की प्रश्न सुटला असं वाटतं, पण भिंत पांढरी असेल तर सगळा उजेड तिच्यावरून परत खोलीत येतो. त्यापेक्षा कॅबिनेट मॉनिटरच्या मागच्या रेषेत सरकवा, म्हणजे काच नजरेच्या कडेतून निघून जाते. खाली ठेवायचं तर चार बोटं उंच स्टँडवर. थेट फरशीवरची धूळ समोरचे फॅन आत ओढतात.

शटडाउन केल्यावरही पेटणारे दिवे

पीसी बंद असला तरी एसएमपीएस ५ व्होल्टचा स्टँडबाय पुरवठा देत राहतो, आणि अनेक बोर्ड त्यावर दिवे पेटवतात. हे सॉफ्टवेअरमधून नव्हे, बायोसमधून बंद करायचं. चालू होताना डिलीट दाबा. असुसमध्ये ॲडव्हान्स्ड, ऑनबोर्ड डिव्हाइसेस कॉन्फिगरेशन, तिथे एलईडी लायटिंगखाली दोन ओळी असतात: पीसी चालू असताना आणि झोपेत किंवा बंद असताना. दुसऱ्या ओळीत स्टेल्थ मोड निवडला की बंद असताना सगळं काळंकुट्ट. गिगाबाइटच्या बायोसमध्येही अशाच दोन वेगळ्या ओळी मिळतात. एमएसआयच्या बऱ्याच बोर्डांवर ‘इझी एलईडी कंट्रोल’ नावाचं सरकतं बटण बोर्डावरच असतं. ते बोर्डाचे दिवे बंद करतं.

बायोसमधला ईआरपी रेडी हा वीजबचतीचा पर्याय चालू केला तर स्टँडबायची बहुतेक वीज तोडली जाते आणि दिवे आपसूक विझतात. मात्र त्यानंतर बंद पीसीच्या यूएसबीवर फोन चार्ज होत नाही आणि कीबोर्डचं बटण दाबून पीसी सुरू होत नाही, हे माहीत असू द्या. भिंतीवरच्या बोर्डाचं बटण बंद करणं हा जुना उपाय आजही चालतो. फक्त काही स्वस्त हब वीज पूर्ण गेली की आपली सेटिंग विसरतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा इंद्रधनुष्य सुरू. लाइट गेल्यावरही तेच होतं. असा हब असेल तर त्याला मदरबोर्ड सिंकवर टाकणं हाच टिकाऊ मार्ग.

समोरची निळी बत्ती

सगळे रंग मंद केले, तरी कॅबिनेटच्या पॉवर बटणातला एक बारीक निळा एलईडी काळोखात टोचत राहतो. त्याला कोणतंही सॉफ्टवेअर लागू नाही. मदरबोर्डच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात फ्रंट पॅनेलचा पिनांचा गठ्ठा असतो. त्यातली ‘पॉवर एलईडी’ लिहिलेली वायर हळूच ओढून काढा. पीसीला काही फरक पडत नाही. शेजारची ‘एचडीडी एलईडी’ही काढता येते. ‘पॉवर एसडब्ल्यू’ मात्र राहू द्या, नाहीतर बटण दाबून पीसी सुरूच होणार नाही. बत्ती हवी पण मंद हवी असेल तर त्या दोन वायरींपैकी एकीत ४.७ किलोओमचा पाव वॅटचा रेझिस्टर ओळीने जोडा आणि वर श्रिंक ट्यूब (गरम केली की आवळणारी नळी) चढवा. उजेड कुठल्या कुठे उतरतो. अजून जास्त वाटला तर १० किलोओम. हा उपाय फक्त या दोन पिनांच्या साध्या बत्तीसाठी आहे, एआरजीबीसाठी नाही.

सगळं करूनही जमत नसेल तर

विंडोज येईपर्यंत दिवे भडक आणि मग मंद, असं होत असेल तर सेटिंग उपकरणात साठलेली नाही. ॲपमध्ये ‘सेव्ह टू डिव्हाइस’ किंवा ‘डिव्हाइस मेमरी’ असा पर्याय शोधा. तो नसलेली ग्राफिक्स कार्डंही आहेत. त्यांचं ॲप विंडोजबरोबर सुरू होऊ देण्याला पर्याय नाही.

फॅनमधले अर्धेच एलईडी आज्ञा पाळत असतील तर सॉफ्टवेअरमध्ये त्या हेडरवरची एलईडींची संख्या तपासा. तीस एलईडी असताना आकडा बाराच लिहिलेला असेल तर उरलेले जुन्याच रंगावर राहतात. एखादा फॅन लुकलुकत असेल तर त्याच्या साखळीतला सांधा सैल झालेला असतो. काढून पुन्हा घट्ट बसवा.

आणि काम झाल्यावर ‘सीपीयू फॅन एरर’ असा संदेश आला तर घाबरू नका, पण एफ१ दाबून पुढेही जाऊ नका. कूलरची फिरवायची वायर हाताबरोबर निघालेली असते. ती सीपीयू फॅनच्या हेडरवर परत बसवा, काच लावण्याआधी एकदा पीसी सुरू करून सगळी पाती फिरताहेत का ते डोळ्यांनी पाहा, आणि मगच स्क्रू आवळा. हाताने येईल तेवढेच, काचेचे स्क्रू ड्रायव्हरने करकचून आवळायचे नसतात.